निम्मा खर्च आमचा

फोनवर बोलताना लिफ्टवाले काका एकदाच बहकले, आणि पुढचे तीन आठवडे त्यांना अन्न गोड लागेना.

व्याही म्हणाले होते, "हॉल, जेवण, फुलं, फोटो... सगळं मिळून बघू." एवढ्यावर काका छाती फुगवून बोलून गेले, "बघायचं काय त्यात? निम्मा खर्च आमचा!"

फोन ठेवला तर बायको दारात उभी. "निम्मा कशाचा, ते विचारलंत?"

विचारलं नव्हतं.

एकतीस वर्षं काका इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करत आले होते. दोर स्वतःच्या हातांनी तपासल्याशिवाय त्यांनी कधी कागदावर सही केली नाही. बरोबरचे लोक म्हणत, काका स्वतःच्या सावलीकडूनही पावती घेतील. असा माणूस लेकीच्या लग्नात मात्र न बघता शब्द देऊन बसला.

चार दिवसांनी यादी आली. तीनशे पाहुणे, त्यांतले काकांकडचे जेमतेम साठ. व्याह्यांचं फर्निचरचं दुकान. जुनं गिऱ्हाईक एकही सुटलं नव्हतं. काकांनी यादी चष्मा लावून वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. आकडा काही कमी होईना. फंडातून उचल घ्यायला ते ऑफिसात गेले, तर तिथल्या बाईंनी अर्ज परत सरकवला. "बायकोची सही लागेल."

बायकोने पेन हातातसुद्धा घेतलं नाही. "गुडघे गेलेत, वर्षाने निवृत्ती. मग खायचं काय, फोटो?"

लेक रुग्णालयात एक्स-रे काढायची. तिला दोघांनीही काही सांगितलं नव्हतं. "बाबा, जेवत का नाही नीट?" तिने दोनदा विचारलं. "कुठे काय!" म्हणत काका ताटावरून उठले.

रविवारी सकाळी तिघं व्याह्यांकडे गेली. घर पाचव्या मजल्यावर. लिफ्ट थांबताना हिसका बसला. "ब्रेकचे पट्टे झिजलेत," काका पुटपुटले.

"आज तरी दुसऱ्याच्या घरातलं काही काढू नका," बायको म्हणाली.

चहा झाला. व्याह्यांनी पाहुण्यांची यादी आणि खर्चाचा कागद पुढे केला. "तुम्ही मन मोठं केलंत, म्हणून आम्ही निर्धास्त. हॉलवाल्याला आजच आगाऊ द्यायचेत."

काकांनी खालचा आकडा वाचला. 'हो' म्हणणं किती सोपं होतं!

"थांबा," ते म्हणाले. आवाज चिरकला. "मी बोललो ते न बघता बोललो. एवढं मला झेपणार नाही. आमच्या साठ माणसांचं जेवण आणि सगळी फुलं माझ्याकडे. त्यापुढे मी हात टेकले."

लेकीकडे बघायचा त्यांना धीर झाला नाही.

"मग शब्द कशाला दिलात?" व्याही लालबुंद झाले. "मी गावभर सांगून बसलोय!"

"बाबा, त्यातले निम्मे लोक मला ओळखतसुद्धा नाहीत," होणारा जावई हळूच म्हणाला.

व्याही ताडकन उठून आतल्या खोलीत गेले. दार आपटलं. झालं, मोडलं लग्न, काकांना वाटलं.

लेकीने यादी स्वतःकडे ओढली. "हॉल आणि फोटो आम्ही दोघं करतो, आमच्या पगारात बसतील असे. माणसं शंभर. आपापल्या माणसांचं जेवण आपापल्याकडे."

विहीणबाईंनी बंद दाराकडे पाहिलं. "लिही," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "आमची चाळीस. ह्यांचं मी बघते."

उतरताना काकांनी जिना धरला. लेक मागून आली, डोळे भरलेले आणि रागावलेली.

"तीन आठवडे हे घेऊन फिरत होतात? मला वाटलं, तुम्हाला काहीतरी मोठं दुखणं झालंय. तुमचा एक्स-रे काढायला निघाले होते मी!"

"तुझ्यासमोर कमी पडायचं नव्हतं गं," काका म्हणाले. तिने त्यांचा दंड घट्ट धरला. उरलेले मजले दोघं तशीच उतरली.

लग्न एका छोट्या हॉलमध्ये झालं. व्याही आले, फोटोला उभे राहिले आणि काकांशी एवढंच बोलले, "जेवण चांगलंय." ती दाद होती की टोमणा, हे काकांना कळेना. ते वाढप्यांच्या मागे मागे फिरत राहिले, आणि शेवटचा पाहुणा हात धुऊन येईपर्यंत त्यांनी स्वतः घास घेतला नाही.