चिकाच्या रंगाची अँबेसिडर

खाजा मियाच्या शेडला पाटी नाही, आणि लागतही नाही. हिंगोलीहून कळमनुरीकडे निघालं की डाव्या हाताला लिंबाचं एक झाड दिसतं. त्याच्या बुंध्यावर छातीइतक्या उंचीपर्यंत लाल, निळे, पोपटी, चंदेरी रंगांचे थरच्या थर चढलेले आहेत. गाडी रंगवायला फवाऱ्याची गन धरण्याआधी खाजाभाई पहिला फवारा त्या झाडावर मारून बघायचा. लोक ‘रंगीत लिंबापाशी’ असाच पत्ता सांगतात. मी बजरंग, त्याचा शेजारी. गाड्यांच्या सीटा शिवतो. आमच्या दोघांत एकच पत्र्याची भिंत. पलीकडे त्याचा कंप्रेसर, इकडे माझं मशीन, आणि मधूनमधून दोन्ही बाजूंनी शिव्या. त्याच्याशी माझी जितकी भांडणं झाली तितकी बायकोशीही झाली नसतील.

माणूस महाहट्टी. रंग वाळेपर्यंत गाडीजवळ कुणी शिंकलं तरी याच्या कपाळाला आठ्या. एका गिऱ्हाइकानं दाराला बोट लावून ‘वाळला का?’ म्हणून विचारलं, तर यानं तेच रंगाचं बोट धरून त्याच्याच पांढऱ्या सदऱ्यावर टेकवलं आणि म्हणाला, “बगा, न्हाई वाळला.” पण आयाबायांपुढं हाच गडी मेणाहून मऊ. आपल्याकडं रंगवलेली गाडी घरी न्यायच्या आधी तिची पूजा होते. घरातली बाई ओल्या बोटानं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढते. ताजा रंग मात्र वरून वाळला तरी आतून कितीतरी दिवस कच्चा असतो. ओलं कुंकू त्यात मुरलं की मुरलं. म्हणून खाजाभाई शेडमध्ये स्वतःच कुंकवाची डबी ठेवायचा. ती पुढं करून म्हणायचा, “माय, काचंवर काढा. बॉनेटवरचं देवाला वरून दिसतं, काचंवरचं आरपार दिसतं.” बाया हसायच्या आणि काचेवर काढायच्या. पूजेत मुसलमानानं ‘नको’ म्हणायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यानं ‘नको’ कधी म्हटलंच नाही, आणि त्याचं एक बॉनेटही कधी डागाळलं नाही.

नांदेडच्या डॉक्टरांनी त्याच्या छातीचा फोटो उजेडाला धरला तेव्हा मी सोबत होतो. जन्मभर थिनर आणि हार्डनरचा धूर ओढलेला, आडोशाला तोंडावर बांधलेली फक्त एक ओली दस्ती. डॉक्टर म्हणाले, गन बंद. आता धरलीत तर नाकात नळी घालून ऑक्सिजनच्या मशीनजवळ बसावं लागेल. घरी आल्या आल्या त्याच्या बायकोनं, खुर्शीदबीनं, गन उचलली आणि ज्वारीच्या कोठीत खोल पुरून टाकली. त्यानंतर खाजाभाई शेडमध्ये नुसता रस्त्याकडं बघत बसायचा. मला त्याचं ते गप्प बसणं सोसवत नव्हतं. शिव्या देणारा शेजारी गप्प झाला की आपलंही कामात मन लागत नाही.

अशात सेनगावकडच्या एका खेड्यातून ज्ञानबा आला. शेळ्यामेंढ्या राखणारं घर, थोडी सोयाबीनची जमीन. ट्रॅक्टरला दोर बांधून त्यानं एक जुनी अँबेसिडर ओढत आणली होती. दिव्याच्या खोबणीत चिमणीचं घरटं, मागच्या सीटवर लेंड्या. त्याच्या बापानं त्या गाडीत सेनगाव-हिंगोली माणसं वाहिली, अडलेल्या बाया दवाखान्यात पोचवल्या. बाप गेला आणि गाडीत शेळ्या निजू लागल्या. आता ज्ञानबाच्या लेकीचं, दिपालीचं लग्न ठरलं होतं आणि त्याची म्हातारी आई जिवनबाई हटून बसली होती. नात सासरी जाईल तर आज्याच्याच गाडीतून, न्हाई तर मी मांडवात येत न्हाई.

“नांदेडला इचारलं, तर अडीच लाख म्हनले,” ज्ञानबा सांगू लागला. “वर म्हनले, येवढ्यात दुसरी गाडी येती, हिला भंगारात घाला. तवापासून माय जेवून न्हाई राहिली.”

जिवनबाई गाडीभोवती फिरत होती. खाजाभाईनं विचारलं, “माय, मूळचा रंग कसा होता?”

“चिकाचा,” ती म्हणाली. “म्हस व्याली की पयल्या धारेचा असतो न्हाई का, तसा. पांढराबी न्हाई अन् पिवळाबी न्हाई.”

खाजाभाईनं मागच्या दाराचं रबर सोललं. त्याखाली कधी ऊन न लागलेली बोटभर पट्टी निघाली, अगदी चिकाच्या रंगाची. तो तिच्याकडं बघतच राहिला. मी त्याचं तोंड पाहिलं आणि समजलो, हा बाबा आता कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही.

“ऐंशी हजार,” तो ज्ञानबाला म्हणाला. “निम्मे तर सामानालाच जातीन.”

ज्ञानबा गेल्यावर मी त्याला धरलं. “खाजाभाई, अन् दमाचा खर्च? तो कोन देनार?”

“बजरंग, आख्खी उमर मी लोकांचे ओरखडे मिटवले. इथं दार ठोक, तिथं डाग लपव. पत्र्यापासून आख्खी गाडी किती येळा आली माझ्या हाताला? येवढी एक करू दे. मग गन त्या झाडाखाली गाडतो.”

खुर्शीदबी त्याच्याशी बोलायची बंद झाली. गनही तिनं काढून दिली नाही. त्यानंच कोठीत खांद्यापर्यंत हात घालून ती ज्वारीतून शोधून काढली.

लोकांना वाटतं पैसे रंगाचे असतात. रंग मारायचा तो शेवटी एक दिवस, त्याच्या आधी सगळं खरवडणं आणि घासणं. खाजाभाईनं थरावर थर उतरवून पत्रा उघडा पाडला. दारांचे तळ गंजून चाळणी झाले होते, ते कापून नवा पत्रा जोडवला. मग खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळू द्यायची, पाणी टाकत खरखरीत कागदानं घासायची, पुन्हा भरायची. जुन्या धोतराचा पातळ तुकडा लांबीवर टाकून तो डोळे मिटून तळहात फिरवायचा, कारण कापडातून उंचसखल जास्त कळतं. एक दार झालं की रंगाच्या डब्यावर बसून खोकायचा. तोंड काळंनिळं व्हायचं. “सोडा आता,” मी रोज म्हणायचो. पालथ्या घड्यावर पाणी.

रंग मारायचा दिवस आला तो नेमका सुगीत. चहूकडं सोयाबीनची मळणी चालू, हवेत नुसता भुसा. इतर वेळी तो थांबला असता, पण लग्नाची तारीख तोंडावर आली होती. तो शेडच्या दारात उडता भुसा बघत हताश उभा होता तेव्हा खुर्शीदबी आली. डोक्यावर ओल्या लुगड्यांचं गाठोडं. तिनं शेडच्या चारी बाजूंनी ती ओली लुगडी टांगली, धूळ त्यांना चिकटावी म्हणून. जमिनीवर पाणी मारलं. मग कितीतरी दिवसांनी त्याच्याशी पहिलं वाक्य बोलली, “मरायचंच असंल तर नीट रंगवून तरी मरा.”

मी पत्र्याच्या अलीकडून ऐकत होतो. गनचा सुस्कारा, मग खोकला, मग पुन्हा सुस्कारा. एक हात झाला की तो बाहेर येऊन लिंबाला मिठी मारून उभा राहायचा. शेवटचा हात त्यानं गुडघ्यावर बसून दिला. लुगडी बाजूला केली तेव्हा मी माझी शिवण टाकून गेलो. काय सांगू, त्या गाडीवर नजर ठरत नव्हती. मी आजवर त्याच्या तोंडावर त्याला कधी बरं म्हटलं नव्हतं, त्या दिवशीही म्हणता आलं नाही, नुसता खांद्यावर हात ठेवला. तो हसला, पण त्याच्याकडं बोलायला वारा उरला नव्हता.

गाडी न्यायला ज्ञानबाचं घर आलं. मी आत शिरून मागची सीट बसवत होतो. खाजाभाई झाडाखाली स्टुलावर, मांडीवर ती कुंकवाची डबी. जिवनबाई आपलं ताट घेऊन आली होती. तिनं बोट पाण्यात बुडवलं, कुंकवात बुडवलं. खाजाभाई उठला, हात वर केला, तोंड उघडलं. काचेतून मला स्पष्ट दिसलं. आवाज नाही, नुसता वारा. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा काही नाही. जिवनबाईला वाटलं, सलाम करून राहिला. तिनं हसून त्याला हात जोडले आणि बॉनेटवर बोट टेकवलं. मी आतून ओरडलो, पण काचा वर होत्या आणि त्याच क्षणी बाहेर नारळ फुटला.

खाजाभाई तसाच खाली मातीत बसला. ज्ञानबा येऊन त्याच्या पाया पडला, सगळे हसत होते, पोरं फोटो काढत होती.

लग्नाचे पेढे द्यायला ज्ञानबा तीच गाडी घेऊन आला. कुंकू पुसलेलं होतं, पण स्वस्तिक तसंच होतं. गुलाबी, चिकात मुरलेलं. “शुभच हाय की,” ज्ञानबा खुशीत म्हणाला, “धुतलं तरी जाऊन न्हाई राहिलं.” खाजाभाई त्याच्यासोबत हसला. त्या दिवसापासून त्याचं अन्न तुटलं. भाकरीचा तुकडा हातात धरून बसायचा.

“घासू अन् बॉनेट पुन्ना मारू,” मी म्हणालो.

“घासणार कोन? मी?” त्याला प्रत्येक शब्दामागं दम घ्यावा लागत होता. “खाजा मिया कागद घेऊन स्वस्तिक घासून राहिला, अन् जाणाऱ्यानं मोबाइल धरला, मग? बराबर दिसंल का ते?”

मला संताप आला. त्याचा नाही, या दिवसांचा. चुकीचं असं तो काही बोललाच नव्हता. अख्ख्या आयुष्यातलं त्याचं एकुलतं एक पुरं काम, त्यावर डाग, आणि त्या डागाला हात लावायची त्याला सोय नाही. मी ज्ञानबाला फोन लावला आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गाडी आली आणि जिवनबाई उतरली. सरळ खाजाभाईपुढं जाऊन उभी राहिली.

“मला काहून सांगितलं न्हाई रे लेकरा?”

“आवाज न्हाई आला, माय.”

म्हातारीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पदर खोचून ती म्हणाली, “आण तो कागद.” तिनं बॉनेटवर पाणी ओतलं. “देवा, माझंच बोट हाय, मीच पुसते. या लेकराच्या माथी नगं लावू.” आणि घासू लागली. खाजाभाईनं तिच्या हातावर आपला हात ठेवला. “गोल न्हाई, माय. सरळ. हलक्या हातानं.” बॉनेटवरून दुधासारखं पाणी वाहत होतं. रस्त्यानं जाणारे थांबून बघत होते आणि मी त्यांच्याकडं असा बघत होतो की एकाचीही काही विचारायची छाती झाली नाही.

अस्तराचा राखाडी हात ब्रशनं चढला. आता गन. लग्नापासून ती पुन्हा ज्वारीतच होती. या वेळी खुर्शीदबीनं स्वतः काढली, पदरानं पुसली आणि त्याच्या हातात दिली. मी तिच्याकडं बघितलं. “बसून बसून झुरून राहिले, भाऊ,” ती म्हणाली. “ते तरी कुठं बगवतं?”

त्यानं ड्रायव्हरच्या बाजूनं सुरुवात केली. एक पट्टा, त्याला लागून दुसरा, हात जराही हलला नाही. बॉनेटच्या मधोमध आल्यावर गन थांबली. मला वाटलं, दम घेतोय. मग त्याचे गुडघे वाकले, पण पडतानाही त्यानं गन बाजूला वळवली. ओल्या रंगावर ना हात टेकला, ना अंग.

आता तो घरीच असतो. नाकात नळी, बाजूला मशीन. आठ पावलं चालला तरी धाप लागते. गाडी ज्ञानबाच्या अंगणात उभी आहे, बॉनेट अर्धं चिकाचं, अर्धं राखाडी. उरलेलं मारून द्यायला हिंगोलीतले दोघं तयार होते, ज्ञानबानं नाही म्हटलं. बाजाराच्या दिवशी येतो, पलंगाशी बसतो आणि दर वेळी तेच म्हणतो, “उरलेलं तुमीच करायचं, खाजाभाई. घाई न्हाई.” खोलीतल्या सगळ्यांना माहीत आहे. ज्ञानबालाही माहीत आहे.

उरलेल्या रंगाचा डबा खाजाभाईनं पलंगाखाली ठेवून घेतलाय. रंग नुसता ठेवला तर तळाशी बसतो, थिजतो. म्हणून डब्यात एक लोखंडी छर्रा टाकलेला असतो. डबा हलवला की तो आत खुळखुळतो आणि रंग ढवळला जातो. खुर्शीदबी रोज दुपारी तो डबा काढून त्याच्या कानाशी हलवते. तो डोळे मिटून ऐकतो.

परवा मी गेलो तेव्हा ती डबा हलवत होती. छर्रा वाजला नाही. तिनं जोरानं हलवला, तरी नाही. आत रंग दगड झाला होता. खाजाभाईनं डोळे उघडले. खुर्शीदबीनं माझ्याकडं एकदा बघितलं, त्याच्याकडं पाठ केली आणि मनगट डब्यावर धरून हलवू लागली. बांगड्या पत्र्यावर खुळखुळल्या. इतकी वर्षं त्या बांगड्यांचा आवाज ऐकलेला माणूस तो, त्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही.

“पातळ हाय अजून,” ती म्हणाली.

“व्हय,” तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.