पेणकरकाकांची बिल्डिंग

मंगळवारी सकाळी बेन्सियन पेणकर आमच्याच मजल्यावर लिफ्टबाहेर उभे होते. हातात मतमोजणीचा कागद. स्वतःचं दार कुठलं, हे विसरल्यासारखे. मी त्यांना शेजारच्या त्यांच्या घरात नेऊन बसवलं.

काका सत्तेचाळीस वर्षांपूर्वी मुंबईहून कॅनडातल्या नॉर्थ यॉर्कला आले, तेव्हा इथं इटालियन गवंडी राहत. मग रशियातले ज्यू आले, मग फिलिपिनो नर्सेस. माणसं बदलली, मतदारसंघ लाल, म्हणजे लिबरलांचाच राहिला. त्यांचं काम करणाऱ्या काकांना त्यात आपला वाटा आहे असं वाटे. प्रत्येक निवडणुकीआधी घरी एलियाहू हन्नाबी या ज्यू प्रेषिताच्या नावानं मलिदा व्हायचा. गोड पोहे, खोबरं, फळं. काका ताटल्या घेऊन दारोदार जायचे. ज्यानं हसून ताटली घेतली, त्याच्या नावापुढे बरोबरची खूण.

यंदा दोनशे दहा खुणा. "आमच्या बिल्डिंगमध्ये कॅनव्हासिंगला येऊ नका," त्यांनी उमेदवारबाईंना सांगितलं होतं, "ही माझी."

आता ते कागद वाचत होते. "विरोधातले निळे दोनशे एकतीस. आपण अठ्ठ्याऐंशी." पुन्हा पहिल्यापासून वाचलं. अख्खी सीट चौऱ्याहत्तर मतांनी गेली होती.

त्यांनी गॅसपाशी उभ्या काकूंकडे पाहिलं. "जुलिएट, दोनशे दहा घरांनी मलिदा खाल्ला गं!"

"मलिद्याला नाही कोण म्हणतं? मागच्या वेळी सोळाव्या मजल्यावरच्या बाईनं रेसिपी मागितली, तिलाही तुम्ही लिबरल केलंत."

काका हसले नाहीत. "तू तरी..."

काकूंनी गॅस बारीक केला. "निळ्यांची पोरगी तीनदा आली होती, अहो. पहिल्यांदा वॉशरूम वापरायला. मग चहा घेतला. मला म्हणाली, तुम्हाला काय वाटतं? मी अर्धा तास बोलले. आपल्याकडून कोणी आलं?"

"मीच येऊ नका म्हटलं होतं."

"हो ना. आणि माझं मत कोणाला, हे तुम्ही घरात विचारलंत?"

काकांनी कागद खाली ठेवला. कागदावरचे आकडे त्यांनी रात्रीपासून सोसले होते. हे नाही. काकूंनी चहाचा कप पुढे सरकवला, तो त्यांनी घेतला, पण ओठांपर्यंत नेला नाही.

मग फोन वाजला. उमेदवारबाई आभार मानायला सगळ्यांना फोन करत होत्या. काकांनी आधी बोलू दिलं, मग मध्येच थांबवलं.

"मॅडम, तुम्ही आमच्याकडे यायला हवं होतं. मी येऊ दिलं नाही."

काकू गॅसपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. काका फोन कानाला लावून उत्तराची वाट बघत थांबले.