न विचारता वाढलेला रोट

कानबाईचा रोट मी घरातून चोरून धुळ्याला नेला आणि माझ्या खोलीतल्या मित्राला, तो काय आहे हे न सांगता, खाऊ घातला. तो खात होता तोवर आपण खानदेशातले एक मोठे समाजसुधारक आहोत अशी माझी खात्री होती.

ज्यांच्याकडे कानबाई बसत नाही त्यांना यात एवढं काय, असं वाटेल. श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या घरी कानबाई, म्हणजे आमची कुळाची देवी, बसते. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू काढायचे, ते दळायचे आणि त्या पिठाचे जाड रोट करायचे. ते रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, जावयाला तर नाहीच. एरवी जावई आमच्याकडे देवाच्या खालोखाल. पण त्या दिवशी त्याचंही ताट वेगळं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी धुळ्याला राज्यशास्त्रात एम.ए. करत होतो आणि नुकताच माझ्या अंगात उदारमतवाद आला होता. अंगात आला होता असंच म्हणायला हवं, कारण त्या काळात मी घुमायचोच फार. न्हाव्याला मी व्यक्तिस्वातंत्र्य समजावून सांगितलं होतं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि मिशी त्याला हवी तशीच कापली.

आमच्या पुस्तकात एका पानावर दोन रकाने होते. डावीकडे उदारमतवाद : प्रत्येक माणसाला स्वतःचा विवेक असतो, कायद्यापुढे सगळे सारखे, माणसाच्या संमतीशिवाय त्याच्यावर सत्ता चालवू नये. उजवीकडे परंपरावाद : पिढ्यान्‌पिढ्यांचं शहाणपण एका माणसाच्या हुशारीपेक्षा मोठं, चाललेलं सहज मोडू नये, बदल करायचाच तर हळूहळू करावा. डाव्या रकान्याच्या डोक्यावर मी पेन्सिलीनं स्वतःचं नाव लिहिलं आणि उजव्यावर नानांचं. नाना म्हणजे माझे थोरले काका, आमच्या घराचे कर्ते.

धुळ्यात देवपुरातल्या खोलीत माझ्याबरोबर जो मित्र राहायचा तो जळगावचा, बौद्ध घरातला. वर्गात तो पहिला यायचा आणि मी पहिल्या बाकावर बसायचो. आमच्यात एवढाच काय तो फरक आहे, असं मी मानत होतो. दोघांत एक वातीचा स्टोव्ह होता. त्यावर डाळ तो करायचा, भात मी करपवायचो, आणि दोन्ही दोघं खायचो.

त्या श्रावणात मी सोनगीरजवळच्या आमच्या गावी गेलो. धाकटी बहीण सुपात गहू काढत होती. एकेक नाव घेऊन सव्वा मूठ. माझं नाव आलं, चुलतभावांची आली, नानांच्या रांगणाऱ्या नातवाचंसुद्धा आलं.

मी विचारलं, "आणि तुझ्या नावाचे?"

"माझ्या नावाचे कुठले? मुलींचे घेत नाहीत."

"हा अन्याय आहे!"

"जन्मापासून इथेच जेवतोस ना दादा? आज कळलं?" ती सूप पाखडत म्हणाली.

मी तडक ओट्यावर नानांकडे गेलो आणि डाव्या रकान्यातलं सगळं त्यांना ऐकवलं. नाना सुपारी कातरत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "कालदिन कॉलेजमा गया, नि आज आमले शिकाडी ऱ्हायना? आंडेर उद्या दुसराना कुळमा जाई. तठलं ती खाई."

मुलगी उद्या परक्या कुळात जाणार, तिथलं ती तिथे खाईल. त्यांच्या लेखी विषय संपला.

"पण नाना, कुळाबाहेरच्या माणसानं आपला रोट खाल्ला तर बिघडतं काय?"

"ज्यानं त्यानं आपलं खावं. दुसराना ताटमा हात घालू नई," नाना म्हणाले आणि सुपारी तोंडात टाकली. म्हणजे आता बोलणं नाही.

मग उदारमतवाद कृतीत आणायचं मी ठरवलं. बहिणीची मूठ मागायची तर नानांसमोर ठाण मांडून बसावं लागलं असतं. मित्राला रोट नेण्यात ती अडचण नव्हती. सोमवारी दुपारी कानबाईला नदीवर पोचवायला सगळं घर वाजतगाजत गेलं तेव्हा मी मागे राहिलो. दोन रोट टॉवेलात गुंडाळले, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी डब्यात भरली आणि मागच्या दारानं निघून हायवेवर एसटी पकडली. एवढी क्रांती मागच्या दारानं का निघाली, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

खोलीवर पोचलो तर मित्र भुकेला बसला होता. मी रोट वाढला.

"हे काय रे? पोळी नाही, भाकरी नाही."

"घरचं आहे. खा तू."

त्यानं आवडीनं खाल्लं, भाजी दुसऱ्यांदा घेतली, ताटही निपटलं. खरं म्हणजे तिथेच थांबलो असतो तर निदान मूर्खपणा झाकून राहिला असता. पण टाळ्यांशिवाय सुधारणा पूर्ण कशी व्हायची? मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि जाहीर केलं, "मित्रा, तू आत्ता जे खाल्लंस ते आमच्या कुळाबाहेरच्या माणसानं आजवर खाल्लेलं नाही. हा कानबाईचा रोट. आज मी ती भिंत पाडली!"

त्यानं हातातलं ताट खाली ठेवलं.

"देवीचा नैवेद्य?"

"हो! आमचे नाना तर म्हणाले होते की..."

"नाना राहू दे. मला आधी का नाही सांगितलंस?"

मग त्यानं जे सांगितलं ते फार शांतपणे सांगितलं. त्याच्या आजोबांनी दीक्षा घेतली त्या वर्षी घरातले सगळे देव टोपलीत भरून गिरणा नदीत सोडले होते. तेव्हापासून त्यांच्या घरात कुठल्या देवाचा प्रसाद येत नाही. शेजारीण सत्यनारायणाचा शिरा घेऊन आली तर त्याची आई तिला चहा पाजते, बसवून घेते, आणि शिरा हात जोडून परत करते. आजोबांनी भर वस्तीत शब्द दिला होता आणि घरानं तो पाळला होता.

"पण तू स्वतः हे मानतोस का?" मी विचारलं. माझ्यातला घुमणारा अजून शांत झाला नव्हता.

"तेच अजून ठरवलं नव्हतं मी. गेले वर्षभर विचार करतोय. तू ठरवून टाकलंस."

"विचारलं असतं तर खाल्लं असतंस?"

"कदाचित हो. कदाचित नाही. पण ते मी बघितलं असतं ना?"

तो उठला, चूळ भरून आला आणि पुस्तक उघडून भिंतीकडे तोंड करून बसला.

दुसऱ्या दिवशी त्यानं बाजारातून नवा स्टोव्ह आणला. भांडण नाही, टोमणा नाही. माझ्याशी बोलायचा, नोट्स द्यायचा. पण त्याची डाळ त्याच्या स्टोव्हवर आणि माझा करपलेला भात माझ्या. आमच्या नानांनी जन्मभर रोट भाऊबंदांत ठेवला आणि त्याच्या आजोबांनी शिरा परत केला, तरी त्या दोघांनी मिळून आमच्या खोलीत दोन चुली मांडल्या नव्हत्या. ते काम एका उदारमतवाद्यानं केलं.

त्या दिवसांत मी पुस्तकातले ते दोन रकाने पुन्हा पुन्हा वाचले. नानांचा रकाना म्हणत होता की एका माणसाच्या हुशारीवर फार भरवसा ठेवू नये. माझ्याकडे बघता हे खोटं म्हणवेना. पण त्याच रकान्यात माझ्या बहिणीची मूठ नव्हती, आणि पुष्कळ पिढ्यांनी ती घेतली नाही एवढ्यावरून ते शहाणपण ठरत नव्हतं. मित्राच्या आजोबांना तर मला कुठेच बसवता येईना. ज्या माणसानं जुनं गिरणेत सोडलं, तो त्यानंतर मांडलेलं नवं असं घट्ट धरून बसला होता की नानांनी शाबासकी द्यावी. आणि माझा रकाना? संमतीशिवाय सत्ता नको, हे वाक्य मी पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं. सत्ता म्हणजे दिल्ली आणि मुंबई, असा माझा समज होता. वाढणाऱ्याच्या हातातल्या पळीतही ती असते हे पुस्तकात नव्हतं.

इतकं कळल्यावर माणसानं गप्प बसावं. मी पुढच्या रविवारी जळगावची एसटी पकडली आणि मित्राच्या घरी त्याच्या आजोबांची माफी मागायला गेलो. मित्र सुटीला घरीच होता. त्याला विचारायचं मला याही वेळी सुचलं नाही.

आजोबा रेल्वेतून निवृत्त झालेले, ताठ बसणारे. दारातच मी हात जोडले आणि सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "काल घरी आल्या आल्या त्यानं सांगितलं."

"तुम्ही रागावलात, आबा?"

"रागावणार नाही? मी देव सोडले तेव्हा माझी आई महिनाभर माझ्याशी बोलली नव्हती. सोपं होतं का ते?" मग नातवाबद्दल म्हणाले, "त्याला म्हटलं, आता पोटात गेलं ते गेलं. पुढं काय करायचं ते तुझं तू बघ. शब्द मी दिला होता, तू नाही." हे म्हणताना त्यांना बरं वाटत नव्हतं हे दिसत होतं. मला वाटतं, देव सोडण्यापेक्षा नातवाला मोकळं सोडणं त्यांना जड गेलं असावं.

मग त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"नाना फार रागावतील."

"मग आम्ही कमी रागावतो असं कुणी सांगितलं तुला?"

तेवढ्यात मित्र पावाची पुडी घेऊन आत आला आणि मला बघून उंबऱ्यातच थांबला.

"तू इथे कसा?"

"माफी मागायला आलो."

"मला सांगून आला असतास तर चाललं नसतं?" एवढंच म्हणून तो पाव ठेवायला आत गेला.

त्या संध्याकाळी मी धुळ्याला न थांबता थेट गावी गेलो. नाना ओट्यावरच होते. या खेपेस रकाने आणले नव्हते. रोट चोरला, कुणाला दिला, काय झालं, एवढंच सांगितलं.

नानांच्या हातातला अडकित्ता थांबला. "त्याले सांगीसन दिना व्हता का?"

"नाही."

"म्हंजे आमनंबी चोरं, नि त्यानंबी चोरं." आमचंही चोरलंस आणि त्याचंही.

ते उठले, कानबाईच्या कोनाड्यासमोर जाऊन डोकं टेकवलं, पुटपुटून तिची क्षमा मागितली. परत आले आणि निकाल दिला, "येता साल तुन्ही मूठ नई."

घरात मोठी गडबड उडाली. आई रडली, चुलतभावांनी मध्यस्थी केली, सगळे भाऊबंद ओट्यावर जमले. नाना हलले नाहीत. बहीण दाराशी उभी राहून हे सगळं बघत होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "बघ, आता आपण दोघं सारखे." ती म्हणाली, "तुझी एका वर्षाची गेली म्हणून एवढी माणसं जमली, दादा." आणि आत गेली. तिच्यासाठी कुणी जमलं नव्हतं. मीही ओट्यावर एकदा भाषण केलं होतं, इतकंच.

पुढच्या श्रावणात कानबाई बसली त्या रविवारी मी देवपुरातल्या खोलीवर होतो. मित्र दुपारी जळगावहून आला. त्यानं पिशवीतून दोन डबे काढले, झाकणं उघडली आणि माझ्यासमोर धरले.

"आईनं मांडे दिलेत. आणि हे मटण आहे. तुमच्याकडे श्रावणात चालत नाही. काय वाढू?"

वर्षभरात त्यानं मला पहिल्यांदा काही वाढायला घेतलं होतं. मी मांडे मागितले. मटणाचं अजून ठरवलं नाही म्हणालो. त्यानं मान हलवली आणि मटणाचा डबा स्वतःच्या बाजूला सरकवला. मटण गरम करायला त्यानं माझा स्टोव्ह ओढला. त्याच्या स्टोव्हमधलं रॉकेल संपलं होतं.

इथे गप्प बसणं मला कधी जमलं आहे? मी म्हटलं, "तुला सांगितलं नव्हतं. आज घरी माझी मूठ काढलेली नाही. नानांनी रोटातून मला वगळलं. तुझ्यासाठी मी तेवढं सोसलं."

तो वात वर करत होता. मागे वळूनही न बघता म्हणाला, "चोरी केलीस म्हणून वगळलं. निदान तुझ्या शिक्षेत तरी मला न विचारता ओढू नकोस."