निम्म्याहून एक जास्त

इथे जर्मनीत, एर्लांगेनमध्ये, आपलं कुणी वारलं की पहिला फोन वासुदेवकाकांना जायचा. भारतात कळवायचं ते नंतर. काका सायकलवरून यायचे, सत्तरी उलटली तरी सायकलच. टोपी दाराशी काढून ठेवायचे आणि आधी विचारायचे, "चहा घेतलात का कुणी?" मग बेष्टाटरला, म्हणजे इथे अंत्यविधीची व्यवस्था करतो त्याला, फोन. दाखले, कॉन्सुलेट, अस्थी भारतात नेण्याची परवानगी, सगळं तेच बघायचे. गंगेचा गडू मराठी मंडळाच्या कपाटात असायचा आणि तुळस सरलाकाकूंच्या स्वयंपाकघरातल्या खिडकीत. बाहेर बर्फ पडत असला तरी काकू ती तुळस जगवायच्या. कशासाठी ते सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नसे.

मी तनया. पुण्याची, इथे सॉफ्टवेअरमध्ये. माझी आई माझ्याकडे राहायला आलेली असताना गेली, तेव्हा तिच्या तोंडात गंगाजल घालायला काका माझ्या शेजारी उभे होते. त्यामुळे काकांना कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. पण त्यांच्यावर सगळ्यात जास्त मीच चिडलेय, तेच सांगते.

मंडळाचे अध्यक्ष काका वर्षानुवर्षं बिनविरोध व्हायचे. "काकाच राहू देत" म्हणायचं, टाळ्या वाजवायच्या आणि बटाटेवड्याकडे वळायचं, अशी आमची निवडणूक. दोन वर्षांपूर्वी मात्र काकांनी सांगितलं, आता नाही. काकूंचं हृदय थकलं होतं. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं की फार दिवस नाहीत. काका मला त्यांच्या स्वयंपाकघरात म्हणाले, "तनया, आजवर मी प्रत्येक घरात कामाचा माणूस म्हणून गेलो. सरलाच्या वेळी मला फोन करायचे नाहीयेत, कागद भरायचे नाहीयेत. त्या दिवशी मला फक्त तिचा नवरा असायचंय. तेवढं कुणीतरी सांभाळावं."

हे सांभाळणारी दोन माणसं होती. चारुलता हॉस्पिटलात नर्स, आणि प्रसन्न, मेडिकल यंत्रांवर काम करणारा, काकांच्याच जुन्या खात्यातला. दोघंही काकांच्या हाताखाली हे काम शिकलेली. बायकांना साडी नेसवायची असली की चारुलता, खांदा द्यायला आणि रात्र जागायला प्रसन्न. हॉस्पिटलकडच्या कुटुंबांनी चारुलताला उभं केलं, विद्यार्थ्यांनी प्रसन्नला. तिसरा हृषिकेश. हृषिकेश वाईट माणूस नाही हो. गणपतीत ढोलपथक आणणारा तोच, नवी मुलं मंडळात येतात ती त्याच्यामुळे. पण त्याचं म्हणणं असं की मयताची कामं हे मंडळाचं काम नाही, काही चुकलं तर जबाबदारी कुणाची? वेबसाइटवर बेष्टाटरचा नंबर टाकू, आल्झो, म्हणजे थोडक्यात, ज्याचं त्याने बघावं.

दोघांपैकी एकाने मागे हटावं हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. चारुलता म्हणायची, "काका म्हणाले तर मी आत्ता नाव मागे घेते." प्रसन्न म्हणायचा, "काकांनी फक्त सांगावं." आणि काका सांगत नव्हते!

"अहो, एकाचं नाव घ्या," काकू आरामखुर्चीतून म्हणाल्या. मी तिथेच होते. "मला काही होईल तेव्हा तुमची धावपळ नको."

"ज्यांनी माझ्याबरोबर मढ्याला हात लावलाय," काका म्हणाले, "त्यांच्यातला एक मोठा आणि एक छोटा, असं मी कसं सांगू? लोक ठरवतील."

तेव्हाच सिद्धेश, विद्यापीठात गणितात पीएचडी करणारा मंडळातला मुलगा, काकांकडे आला. त्याचं म्हणणं सोपं होतं. इथे महापौर निवडताना कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत, तर दोन आठवड्यांनी पहिल्या दोघांत पुन्हा मतदान होतं. श्टिखवाल म्हणतात त्याला. काका जर्मन नागरिक, त्यांनी स्वतः त्यात मत दिलेलं. "मग आपल्याकडेही तसं करा ना काका, त्याच संध्याकाळी. नियम बदलायला अजून वेळ आहे."

काकांनी नकारार्थी मान हलवली. मंडळाची घटना त्यांनीच लिहिलेली. नोंदणीच्या वेळी कोर्टातल्या बाईंनी त्यांना विचारलंही होतं की ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून आला, हे वाक्य तुम्हाला खरंच हवंय का? ते नसेल तर इथल्या कायद्याप्रमाणे निम्म्याहून जास्त मतं लागतात. काकांनी ठणकावून सांगितलं होतं, हवंय, आमच्याकडे आमदार-खासदार असेच येतात. सिद्धेशलाही तेच ऐकवलं. "जास्त मतं त्याचा गुलाल, सरळ हिशेब. आणि एकाच संध्याकाळी दोनदा मतं द्यायला लावली तर माणसं घरी जातील रे."

मतदानाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मला खरं तर प्रसन्न हवा होता. माझ्या आईच्या वेळी तो दोन रात्री आमच्या जिन्यात बसून होता. पण बायका म्हणत होत्या की प्रसन्नचं काही खरं नाही, हृषिकेशला अडवायचं तर चारुलताला द्या. मी चिठ्ठीवर चारुलताचं नाव लिहिलं. तिकडे पुरुषांच्या घोळक्यात नेमकं उलटं चाललं होतं. चारुलता हवी असलेले कितीतरी जण, ती येत नाही म्हणून, प्रसन्नला देऊन बसले. कुणाचं मत कुणाला पडलं, देव जाणे.

हृषिकेशला एक्केचाळीस, प्रसन्नला बत्तीस, चारुलताला एकतीस. हृषिकेश अध्यक्ष झाला. ज्यांना तो नको होता ते त्रेसष्ट जण एकमेकांकडे बघत बसले. काकांनी उठून त्याला पहिला हार घातला, कारण नियम त्यांचाच होता.

पुढे व्हायचं तेच झालं. पहिल्या बैठकीत ठरलं की मयताचं काम मंडळ करणार नाही. गंगेचा गडू काका पिशवीत घालून घरी घेऊन आले. चारुलता प्रसन्नला म्हणाली, तू हटला असतास तर. प्रसन्न म्हणाला, एका मताने का होईना, मागे तू होतीस. दोघांनी बोलणं टाकलं आणि मंडळात येणंही सोडलं.

काकू नोव्हेंबरात गेल्या, सकाळी, घरीच.

मला कळलं दुपारी, तेही शेजारच्या जर्मन आजींकडून. मी धावत पोचले तर काका टेबलाशी बसले होते. चष्मा लावलेला, कागद पसरलेले, कानाला फोन. बेष्टाटरच्या ऑफिसशी बोलत होते. "गेनाऊ, गेनाऊ," बरोबर, बरोबर असं म्हणत होते आणि काकूंचं नाव जर्मन पद्धतीने एकेक अक्षर सुटं करून सांगत होते. आतल्या खोलीत काकू एकट्याच होत्या. त्यांच्या ओठांवर तुळशीचं पान होतं. खिडकीतल्या कुंडीतलं, त्यांनीच जगवलेलं. साडी पायाशी घडी घालून ठेवलेली. काकांना नेसवता आली नव्हती.

माझा तोल गेला. "काका, फोन का नाही केलात? चारुलताला, प्रसन्नला, निदान मला तरी!"

काकांनी फोन खाली ठेवला. "कुणाला करू? एकाला आधी केला असता तर दुसऱ्याला वाटलं असतं, काकांनी शेवटी निवड केली."

"अहो, मग करायची होती ना निवड!" मी ओरडले. काकू आत होत्या आणि मी ओरडत होते. "काकू सांगत होत्या तुम्हाला! तुम्ही नाही केलीत, आणि तुमच्या त्या नियमाने आम्हालाही धड करू दिली नाही. आणि आज बघा."

काकांनी पुढच्या कागदावर तारीख घातली. मी दोघांनाही फोन केले. दोघंही आली, तोवर काकांचं सगळं करून झालं होतं. चारुलताने तेवढी साडी नेसवली. स्मशानातसुद्धा काका लोकांच्या खुर्च्या बघत होते, कुणाला पाणी हवंय का विचारत होते. रडले नाहीत. सवयच तशी, त्याला काय करणार.

पुढच्या मार्चच्या सभेत काका बोलायला उभे राहिले. घटना बदलायला तीन चतुर्थांश मतं लागतात, सोपं नसतं. काकांनी भाषण केलं नाही. म्हणाले, "हे वाक्य मी लिहिलं. तेव्हा वाटलं, आपलं ते बरोबर. ज्याला निम्म्याहून एक तरी जास्त माणूस हो म्हणत नाही, तो निवडून येऊ नये. कुणालाच मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा मत द्या. माझ्या घरी ज्या दिवशी माणसं हवी होती, त्या दिवशी कुणाला बोलवावं ते मला कळलं नाही. ते तुमच्यावर येऊ नये." आणि बसले. पहिला हात हृषिकेशने वर केला. मला त्याचं कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. मग हातच हात. चारुलता आणि प्रसन्न दोन टोकांना बसले होते, पण दोघांचेही वर होते.

या वर्षी निवडणूक झाली. तेच तिघं उभे. पहिल्या फेरीत मी प्रसन्नचं नाव लिहिलं, कुणाला विचारलं नाही, कुणाला घाबरले नाही. प्रसन्न तिसरा आला. मध्ये चहा झाला आणि एकही माणूस घरी गेला नाही. दुसऱ्या फेरीत चारुलता हृषिकेशच्या पुढे, निम्म्याच्या बरीच वर गेली. प्रसन्नने तिच्या हातात चहाचा कप दिला. काय बोलले कोण जाणे, पण बोलले. पुढच्या आठवड्यात गडू मंडळाच्या कपाटात परत आला.

मे महिन्यात मंडळातल्या रुपेशचे वडील गेले. आई-वडील दोघं महिनाभरासाठी मुलाकडे आलेले. रुपेशने सवयीने काकांनाच फोन लावला. मी तेव्हा काकांकडे डबा घेऊन गेले होते. काकांनी ऐकून घेतलं, "चहा घेतलात का कुणी?" विचारलं, आणि मग म्हणाले, "चारुलताला फोन कर. हो, तिलाच. ती आणि प्रसन्न सगळं करतील." इतक्या वर्षांत काकांच्या तोंडून एकाचं नाव आधी आलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

तुळस घेऊन आम्ही दोघं स्मशानात गेलो. दाराशी प्रसन्न खुर्च्या लावत होता, आत चारुलता बेष्टाटरशी बोलत होती. काका टोपी हातात घेऊन उभे राहिले. कागद नाहीत, फोन नाही, कुणी काही विचारायला येत नाही. प्रसन्नने त्यांना हाताला धरून मागच्या रांगेत बसवलं. मंत्र सुरू झाले, आणि काकांचे खांदे हलायला लागले.

पुढच्या रांगेतल्या रुपेशच्या आईने मागे वळून बघितलं. यांची आणि आपल्या नवऱ्याची तर ओळखही नव्हती, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. काका रडत होते, मोठ्याने, तोंडावर टोपी धरून. "सरला," म्हणत होते. मी त्यांचा हात धरला आणि बसून राहिले.