रामलिंग पुढं जायचा

दसरा झाला की भूमच्या माळावरचं गवत पिवळं पडायचं आणि मेंढ्यांच्या वाड्यात एकच विचारणा सुरू व्हायची : रामलिंग कधी निघतोय?

वाडा म्हणजे तीन-चार घरांच्या मेंढ्या, सोबत चालणाऱ्या आणि सोबत बसणाऱ्या. हिवाळा लागला की हा वाडा डोंगर उतरून पूर्वेला, तेरणेच्या खोऱ्यात माकणीच्या अंगाला जायचा. खरिपाचं पीक निघालं की तिथली काळी रानं मोकळी व्हायची. शेतकरी रानात मेंढ्या बसवून घ्यायचे आणि खताच्या बदल्यात ज्वारी द्यायचे. पण एवढा कळप घेऊन अंदाजानं निघता येत नाही. पाणी कुठं उरलंय, कुणाचं रान मोकळं झालंय, कुठली पाणंद कुणी नांगरून टाकलीय, हे कुणीतरी आधी बघून यावं लागतं. ते काम रामलिंगचं. वाड्याचा म्होरक्या होता त्याचा थोरला भाऊ बिरदेव, पण वाडा चालायचा तो रामलिंगच्या शब्दावर.

तो एकटा निघायचा. खांद्यावर घोंगडं, त्याच्या टोकाला बांधलेली भाकरी, हातात काठी. त्याची बायको सिताबाई दरवर्षी भाकरी बांधून देताना कुरकुरायची.

"नवरा म्हणून दिला का पाव्हणा म्हणून, आजून कळंना मला. येतोय, पाणी पितोय, चालला."

"पाव्हण्याला निदान कालवण तरी चांगलं घाल मग," रामलिंग म्हणायचा.

त्याची बघायची रीत त्याच्या बापाकडून आली होती. कुंपणातली फट तो उभ्यानं बघायचा नाही. खाली वाकून, मेंढीच्या उंचीवर डोळे आणून बघायचा. माणसाला जी वाट मोकळी दिसते, तिच्यात खाली काटेरी तार असते. डबक्यातलं पाणी आधी स्वतः चाखायचा. कापलेल्या ज्वारीला नवे फुटवे आले असतील तर त्या रानाला लांबूनच वळसा घालायचा, कारण कोवळ्या फुटव्यानं मेंढीला किराळ लागतं आणि ती उभ्या उभ्या कोसळते. गावात शिरला की आधी पारावर बसून माणसं काय बोलतात ते ऐकायचा, मेंढ्यांचा विषय शेवटी काढायचा. परत आला की घोंगडं खाली टाकायचा, तांब्याभर पाणी प्यायचा, आणि बिरदेव विचारायचा, "बोल." त्यावर रामलिंग एकच शब्द बोलायचा. "हाय," नाहीतर "न्हाय." हाय म्हटलं की दुसऱ्या दिवशी पाल उतरायचं.

बहात्तरच्या दुष्काळात सगळा मुलूख खडी फोडायला गेला, तेव्हा या वाड्याच्या मेंढ्या त्यानं जगवल्या. कुठल्या तरी सोडून दिलेल्या खाणीत पाणी आहे हे त्यानं पाखरांच्या थव्यावरून ताडलं होतं. तेव्हापासून दुसऱ्या वाड्यांची माणसंही त्याला विचारायला यायची. तो सांगायचाही. त्याला मूलबाळ नव्हतं. माणसं विचारायला येतात, याचाच त्याला काय तो अभिमान होता.

पुढं खोऱ्याचं रूप बदलत गेलं. सहकारी साखर कारखान्याची भाषा गावोगाव सुरू झाली. विहिरींवर इंजिनं बसली, ऊस आला. ऊस बारा महिने उभा असतो, त्याचं रान मोकळं होत नाही. पाणंदी अरुंद झाल्या, बांधाला तारा लागल्या. रामलिंग अजून "हाय" म्हणत होता, पण दर हिवाळ्यात वाट वळसे घेत लांबत चालली होती.

ऐंशीनंतरच्या एका हिवाळ्यातली गोष्ट. पाऊस अर्धाच झाला होता. माळावरचं गवत दिवाळीआधीच संपलं. नुकत्याच व्यालेल्या मेंढ्या आटल्या होत्या, पिल्लं आचळाला धडका देत होती. या खेपेला खाली उतरायला मिळालं नाही, तर हिवाळा निघणार नव्हता. रामलिंग निघाला तेव्हा त्याची वहिनी बानूबाई म्हणाली, "भावजी, औंदा हाय घिऊनच या बरं. न्हाय आणलंसा तर दारात घ्यायची न्हाय."

"दार हाय कुठं वैनी आपल्याला?" तो हसत म्हणाला.

तुळजापूरच्या पुढं निम्म्या वाटेवर शांतलिंगाचं रान होतं. तिथं दरसाल दोन मुक्काम असायचे. पाणंदीच्या दोन्ही बाजूंना आता ऊस उभा होता आणि मधली वाट बैलगाडीपुरतीही उरली नव्हती. शांतलिंग बांधावर भेटला.

"रामलिंग, तुझा बाप यायचा तवापस्नं आमच्यातच मेंढरं बसत्यात. पर औंदा बसवू कुठं? उसाच्या शेंड्यावर?"

"नुसतं पल्याड जाऊ द्या, मालक."

"एक मेंढरू उसात शिरलं तर शेजारी माझ्या नावानं शिमगा करंल. न्हाय बाबा. त्वाच सांग, म्या काय करू?"

शांतलिंगानं चहा पाजला, तो पिऊन रामलिंग उठला. खालच्या अंगाला एका मध्यम धरणाचा नवा कालवा गेला होता. त्याच्या भरावावर बसून त्यानं भाकरी सोडली. तेवढ्यात कालव्याच्या आतून एक म्हातारी येताना दिसली. डोक्यावर गवताचा भारा होता. ती जवळच्या गावची मुक्ताबाई.

"आतनं कुठनं आलीस, मावशे?"

"बाजाराच्या वाटंनं. आता हीच वाट झालीया की. सारं गाव ह्याच्यातनंच जातंय. ना चिखल, ना काटा. सायकली जात्यात, गाड्या जात्यात."

"आन पाणी?"

"पाणी?" म्हातारी हसली. "पाणी येणार, पाणी येणार म्हणून माझा म्हातारा वाट बघून मेला."

रामलिंग कालव्यात उतरला. काम नुकतंच उरकलेलं होतं. तळ सपाट, दोन्ही बाजूंना तिरक्या बसवलेल्या फरश्या, फरश्यांच्या सांध्यांत सिमेंट. जमीन सखल असेल तिथं कालवा उथळ होता. टेकाड आलं की तो टेकाड फोडून खोल गेला होता आणि दोन्ही कडा माणसाच्या डोक्याच्या कितीतरी वर होत्या. तळाशी पावसाळ्यात साठलेल्या गाळावर गवत वाढलेलं होतं. कुणाचं शेत नाही, कुणाची तार नाही. तो वाकून चालला, मेंढीच्या उंचीवरून बघत. खोल भागात मेंढरू बिथरलं तर वर कसं येईल, हाही विचार त्यानं केला. फरशीवर पाय देऊन वर चढून गेला, पुन्हा उतरला, पुन्हा चढला. कोरडी फरशी पाय नीट धरत होती. कालव्याच्या दुसऱ्या टोकाला मोकळी रानं लागली. तिथल्या माणसांनी मेंढ्या बसवायला होकार दिला.

शेवटी त्यानं आभाळाकडं बघितलं. ओढ्यातून कळप न्यायचा असेल तर बाप नेहमी वर बघायला सांगायचा. ओढा कोरडा असला तरी डोंगरावर ढग दिसला की आत पाय टाकायचा नाही. आभाळ काचेसारखं निवळ होतं. कार्तिकातलं थंड, कोरडं आभाळ.

परत येऊन तो पाणी प्यायला. बिरदेव म्हणाला, "बोल."

"हाय," रामलिंग म्हणाला, आणि कधी नव्हे ते पुढंही बोलला. "अण्णा, आसली वाट बानंबी बघितली नसंल."

वाडा कालव्यात उतरला तो दिवस आधी सणासारखा गेला. एरवी चालताना सगळ्यांचा जीव कडेच्या पिकात असतो. दोघं डावीकडं, दोघं उजवीकडं, सारखी हाकाटी. इथं दोन्हीकडं फरशीच्या भिंती होत्या. मेंढ्या गवत ओरबाडत निवांत चालल्या होत्या. बानूबाई म्हणत होती, "सरकारनं आपल्यासाटीच बांधलाय जणू." सगळ्यात पुढं रामलिंग होता. सगळ्यात मागं सिताबाई होती, पिल्लांच्या जाळ्या लादलेलं घोडं धरून.

टेकाडाच्या खोल भागात शिरल्यावर पुढच्या मेंढ्यांनी माना वर केल्या. ओल्या मातीचा वास आला होता. रामलिंगनं आधी वर बघितलं. आभाळ निवळच होतं.

मग वळणावरून पाणी आलं. ते लोंढ्यासारखं आलं नाही. वीतभर जाडीचं, पुढ्यातला पाचोळा ढकलत, चालत्या माणसाच्या बेतानं आलं. मेंढ्या तहानलेल्या होत्या. पळण्याऐवजी त्या जागच्या जागी थांबल्या आणि पाणी पिऊ लागल्या. मागच्यांनाही वास लागला, त्याही पुढं घुसल्या. बघता बघता पाणी गुडघ्याला आलं. रामलिंग ओरडला, "मागं फिरवा! मागं!" पण मेंढरू तहानेवर असताना मागं फिरत नाही, आणि फिरलं तरी मागून येणाऱ्यांची भिंत झालेली होती. ज्यांनी फरशीवर झेप घेतली त्यांचे ओले खूर घसरले. एक घसरली की तिच्याखाली दोन सापडायच्या. लोकर भिजून जड झाली. बिरदेव आणि रामलिंग कमरेएवढ्या पाण्यात मेंढ्या उचलून वर फेकत होते, आणि त्या पुन्हा घसरून खाली येत होत्या. आता ती फरशी माणसाचाही पाय धरत नव्हती.

सिताबाई मागं होती, कालवा जिथं उथळ होता तिथं. आरडाओरडा ऐकून तिनं घोडं ओढून काठावर काढलं. म्हणून पिल्लं वाचली.

गावची माणसं दोर घेऊन धावत आली. त्यांनी बानूबाईला ओढून वर काढलं, भावांना काढलं, काढता येतील तेवढ्या मेंढ्या काढल्या. कुणीतरी सायकलवरून धरणाकडं गेला आणि ऊन कलल्यावर पाणी ओसरू लागलं. पाणी चाचणीचं होतं. दरवाजे पहिल्यांदाच उघडले होते.

मुक्ताबाई काठावर कपाळ धरून बसली होती. रामलिंग तिच्यापुढं जाऊन उभा राहिला. अंगातून पाणी गळत होतं.

"मावशे, पाणी येणार म्हणून कुणी सांगितलं न्हवतं?"

"सांगितलं की रं, बाबा. परवाच दवंडी झाली. चावडीफुडं झाली, आमच्या वस्तीत झाली, हरेक गावात झाली. मला तुझी याद आली व्हती. पर तुला सांगाया कुणाच्या दारात जायचं व्हतं म्या? तुझं गाव कंचं, दार कंचं?"



निम्म्याहून जास्त कळप गेला. पुढच्या फळीत चालणाऱ्या, धडधाकट, दुभत्या मेंढ्या गेल्या. त्या संध्याकाळी काठावर जाळ्या सोडल्यावर पिल्लं बाहेर आली आणि प्रत्येक मेंढीजवळ जाऊन हुंगू लागली. मेंढी दुसरीच्या पिल्लाला घेत नाही, डोक्यानं ढकलते. सिताबाई एकेक पिल्लू उचलून एकेका मेंढीच्या आचळाला लावत होती आणि मेंढी बाजूला सरत होती. "घे गं, माय, घे," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. पुढच्या काही दिवसांत त्यातलीही बरीच मेली.

रामलिंगला वाटत होतं, अण्णा आता बोलेल. काठी उगारेल, निदान शिवी देईल. बिरदेव काहीच बोलला नाही. बानूबाईच्या तोंडून एकदा निघालं, "भावजी, त्या पाण्याचं..." तर बिरदेवनं तिला तिथंच थांबवलं.

"त्याला कोन बोलायचं न्हाय. आभाळ निवळ व्हतं. बा आसता तरी त्येनं हेच केलं आसतं."

"अण्णा, तुमी बोला मला," रामलिंग म्हणाला.

"काय बोलू? जा, पानी पी."

उरलेल्या मेंढ्या घेऊन वाडा मोठ्या वळशानं मोकळ्या रानांत पोचला, आणि उन्हाळ्यात माळावर परतला. वाड्यातली दोन घरं जनावरं विकून वेगळी झाली. त्यातलं एक साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेलं.

पुढच्या दसऱ्याला बिरदेवनं नेहमीसारखं म्हटलं, "रामा, जाऊन ये." सिताबाईनं भाकरी बांधली. कुरकुरली मात्र नाही. रामलिंग गेला आणि फार लवकर परत आला. पाणी प्यायला. "न्हाय," म्हणाला.

"शांतलिंगाच्या वरच्या अंगानं?"

"तिथं एक पूल झालाय. पुलाखालनं जावं लागतंय."

"कोरडा आसंल की."

"आज हाय कोरडा."

बिरदेवनं त्याला पुन्हा धाडलं. पुन्हा "न्हाय" आलं. एका वाटेवर विहिरीचा कठडा पडलेला होता, दुसरीवर नवी खडी पडली होती, तिसरीवर दोन माणसं त्याच्याकडं बघत उभी होती. त्यानं सांगितलेलं सगळं खरं होतं. असल्या वाटांनी वाडा आयुष्यभर चालत आला होता, हेही खरं होतं. इकडं माळावर मेंढ्या माती चाटू लागल्या होत्या. बिरदेव त्याच्याजवळ येऊन बसला.

"रामा, समद्याच वाटा वंगाळ आसत्यात व्हय रं? येक तरी बघून दे की मला."

"दिसत न्हाय, अण्णा," रामलिंग म्हणाला. "जी बघतो तिच्यात मेंढरं पडल्याली दिसत्यात. म्या हाय म्हणाया जातो, आन् माझं तोंडच उगडत न्हाय."

मग बिरदेवनं स्वतःच घोंगडं खांद्यावर टाकलं. त्याचं वय झालं होतं, गुडघे धरत होते. गेला, चार ठिकाणी विचारत विचारत हिंडला आणि परत येऊन त्यानं पाणी मागितलं. त्याला "बोला" म्हणायला कुणी पुढं झालं नाही. त्यानं आपणच सांगून टाकलं, "जाऊ. जमंल."

वाडा निघाला. बिरदेव पुढं झाला. रामलिंग कळपाच्या मागं राहिला, जिथं लंगड्या मेंढ्या आणि म्हाताऱ्या बाया चालतात आणि सगळ्या कळपाची धूळ तोंडावर येते. माळ उतरून पहिला फाटा आला. एक वाट नाल्याकडं जात होती, दुसरी रस्त्याच्या कडेनं. बिरदेव फाट्यावर थांबला. कळपही थांबला. बिरदेवनं मागं वळून धुळीतून रामलिंगकडं बघितलं.

रामलिंग एका मेंढीचा पाय मांडीवर घेऊन तिच्या खुरातला काटा काढत होता. त्यानं मान वर केली नाही. काटा निघाल्यावरही पाय तसाच धरून बसला. थोड्या वेळानं पुढून बिरदेवची हाक ऐकू आली आणि मेंढ्या रस्त्याच्या कडेनं चालू लागल्या.