पाठ लागल्यावर हलगी

काष्टीच्या जत्रेत कुस्त्यांना हलगी वाजवणारा तो माणूस फार तिरसट. जाळावर कातडं तापून टणटणीत झाल्याशिवाय वाजवायचा नाही, आणि कुणी घाई केली की खेकसायचा, "भाकरी हाय का ही, करपली तर दुसरी थापायला?"

हलगीचा हात त्यानंच मला शिकवला. एक गोष्ट मात्र दर वेळी बजावायचा: "पैलवानाची पाठ मातीला लागली की हलगी बंद. पडलेल्यावर वाजवायची न्हाई."

बहात्तरच्या दुष्काळाआधी मी मद्रासच्या स्टुडिओत क्लॅरिनेट वाजवायचो. एका मारामारीच्या तेलुगू सिनेमाला हलगी हवी होती, म्हणून त्याला मीच नेलं. पडद्यावर हिरोनं खलनायकाला उताणा पाडला आणि याची हलगी थांबली. हिरो तुडवतच होता. काचेमागून संगीत दिग्दर्शक ओरडायला लागला. मी म्हटलं, "अहो, वाजवा!"

"त्याची पाठ लागलीय, मास्तर! डोळे फुटले का तुमचे?" तो माझ्यावरच खेकसला.

मला माझी जागा टिकवायची होती. मी त्याच्या हातातली हलगी हिसकावली आणि शेवटच्या लाथेपर्यंत वाजवली. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. माझ्या त्या हातांचा मला आजही संताप येतो. घरी मी हे कधी बोललो नाही.

अजून जत्रेला जातो. कुस्ती ऐन रंगात असते, तरी मी कडेला दिसलो की त्याची हलगी थांबते. पैलवान चिडतात, लोक शिव्या घालतात. मी मैदानाबाहेर जाईपर्यंत तो पुन्हा वाजवत नाही.