वहिनीचा बँडवाला

आमच्या घरात एक इंग्रजी गाणं आहे. घरात कपाट असतं, देव्हारा असतो, तसं ते आहे. साठच्या दशकातलं, प्रेमाचं, आणि एका ट्रम्पेट वाजवणाऱ्यानं गायलेलं. गायक म्हणून तो काही फार मोठा नाही. दारात उभं राहून, चपला घालता घालता कुणी मनातलं सांगून टाकावं, तसा त्याचा आवाज. मग मधेच ट्रम्पेट येतं आणि कळतं, की हा माणूस मुळात कशात तरबेज आहे.

या गाण्याचा मला लग्न झाल्यापासून हेवा वाटत आला आहे. एखाद्या बाईचा वाटला असता तर निदान मैत्रिणीला सांगता आलं असतं. नवऱ्याच्या घरच्यांना एक गाणं आवडतं, ही तक्रार घेऊन मी कुठं जाणार होते?

गाणं घरात आणलं माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे यांच्या मोठ्या भावानं. ते तेव्हा कॉलेजात होते. रेल्वेतल्या कुण्या साहेबाची बदली झाली, त्यानं सामान विकायला काढलं, आणि भासरे एक रेकॉर्ड प्लेयर आणि थोड्याशा रेकॉर्डी सायकलच्या कॅरियरला बांधून नागपुरातच अजनीहून धरमपेठेत घेऊन आले. त्यांतली ही एकच सगळ्यांच्या मनात बसली. घरात तीन भावंडं. भासरे, मग हे, आणि सगळ्यांत धाकटी माझी नणंद, तेव्हा दोन वेण्या घालणारी. पुढच्याच दिवाळीच्या साफसफाईत रेकॉर्ड कुणाच्या तरी हातातून पडली आणि तिच्यावर चरा उठला. कुणाच्या हातातून, यावर अजून एकमत नाही.

चरा नेमका ट्रम्पेटच्या जागी होता. तिथं सुई अडकायची आणि ट्रम्पेट एकच तुकडा घोळवत बसायचं, पँ-पँपँ, पँ-पँपँ. आतल्या खोलीतून सासरे ओरडायचे, "काहून अडकून राहिलं रे ते? हलवा त्याले!" मग हे टेबलावर एक थाप मारायचे, सुई उडी मारायची आणि गाणं पुढं जायचं.

सासरे गेले, रेकॉर्ड प्लेयर भंगारात गेला, कॅसेट आली आणि गेली. आता गाणं फोनवर लागतं आणि कुठंही अडकत नाही. भावंडं मात्र अडकत राहिली. भाऊबीजेला जेवणं झाली की गाणं लागायचं. भासरे मूठ ओठांशी धरून ट्रम्पेट वाजवायचे आणि त्या जागेवर आले की तोच तुकडा घोळवायचे. नणंद बाबांच्या आवाजात ओरडायची. हे टेबलावर थाप मारायचे. तोवर फोनमधला माणूस बराच पुढं निघून गेलेला असायचा. मग सुटलेल्या एसटीमागं धावावं तसे तिघं हसत हसत त्याला गाठायचे.

आणि मी स्वयंपाकघरात विडे लावत असायचे.

त्याचं असं झालं. माझं माहेर रामटेकचं. वडिलांचा विड्याच्या पानांचा मळा होता. लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला सासूबाईंनी सगळ्यांना सांगितलं, "आता विडे हिच्याच हातचे. रामटेकची आहे ती." मला फार बरं वाटलं. त्या घरात मी आणलं तरी काय होतं? माझ्या माहेरची मी पहिली पदवीधर. आमच्या आळीत बायका मला बघायला यायच्या. पण धरमपेठेत पदवी घरोघरी होती. विडा लावणं ही एकच गोष्ट अशी होती, जी इथं कुणाला धड येत नव्हती. मी पानं पुसली, देठ खुडले, शिरा काढल्या, बेताचा चुना लावला, आणि बाहेर गाणं सुरू झालं.

ताट घेऊन मी आले तेव्हा ते संपत आलं होतं. काहीतरी बोलावं म्हणून मी विचारलं, "हा गायक नाही वाटतं?"

"गायक नाहीच तो," नणंद म्हणाली. "ट्रम्पेटवाला आहे."

ट्रम्पेट मी फक्त वरातीत पाहिलं होतं. "म्हणजे बँडवाला?"

तिघंही इतके हसले की भासऱ्यांना ठसका लागला. "वा वं वहिनी," नणंद म्हणाली. "बँडवाला काय." तेव्हापासून गाण्याचं तेच नाव पडलं. "लाव रे वहिनीचा बँडवाला," म्हणायचे आणि लावायचे. मीही हसायचे. मग आत जाऊन ते हसू ओट्यावर उतरवून ठेवायचे आणि पानं पुसायला घ्यायचे.

त्या माणसांनी मला काही कमी केलं, असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. माझं बी.एड. होईपर्यंत सकाळचा सगळा स्वयंपाक सासूबाईंनी आपल्याकडे घेतला. निकाल लागला तेव्हा सासऱ्यांनी गल्लीत पेढे वाटले आणि प्रत्येक दारात "आमच्या सुनेचे" म्हणून सांगितलं. नोकरी लागली ती जुन्या नागपुरात, महाल भागातल्या शाळेत. पहिल्या दिवशी त्या गल्ल्यांमध्ये मी चुकेन म्हणून भासऱ्यांनी स्कूटरवरून फाटकापर्यंत सोडलं. एवढं देणाऱ्यांकडं आणखी एक गाणं कुठल्या तोंडानं मागायचं? आणि मागितलं असतं, तरी ते काही उचलून हातात देण्यासारखं नव्हतं.

मला खुपायचा तो यांचा चेहरा. ट्रम्पेट सुरू झालं की हे डोळे बारीक करायचे, ओठांच्या एका कोपऱ्यातून हसायचे, आणि त्यांच्या जागी दुसराच कुणी मुलगा येऊन बसायचा. शाळकरी, हाफ पँटमधला. त्याची माझी कधी भेट झाली नाही. भासऱ्यांची झाली होती, नणंदेची झाली होती. मी या माणसाबरोबर संसार केला, पोर वाढवलं, त्याच्या दुखण्यात उशाशी बसले, पण त्या मुलाला मी फक्त स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. ताट घेऊन बाहेर येईपर्यंत तो गेलेला असायचा आणि माझा नवरा माझ्याकडं विडा मागायचा.

एकदा मी प्रयत्न करून पाहिला. गाणं संपल्यावर जुन्या गोष्टी निघाल्या होत्या, म्हणून मीही सांगायला लागले. त्याच वयात मी शाळेआधी भावांबरोबर मळ्यात पानं खुडायला जायचे, ओल्या फडक्यात गुंडाळून टोपल्या भरायचे, नागपूरच्या गाडीवर त्या चढवल्या की मग दप्तर उचलायचे. सगळ्यांनी नीट ऐकलं. भासरे म्हणाले, "खूप कष्ट केलेस गं." नणंद म्हणाली, "खरंच." मग कुणीतरी पाणी मागितलं. माझ्या आठवणीचं कौतुक झालं, पण तिच्यात कुणाला शिरता आलं नाही. त्यांच्या आठवणीत मात्र ओरडायला, थाप मारायला, गाल फुगवायला जागा ठरलेल्या होत्या. सगळ्या भरलेल्या.

भासरे गेले त्या वर्षी घरात सण झाला नाही. त्यांनी लग्न केलं नव्हतं, त्यामुळं मागं आम्हीच. वर्ष उलटल्यावर, यंदा, नणंद भाऊबीजेला आली. ओवाळताना तिनं सवयीनं ताम्हनात दोन सुपाऱ्या ठेवल्या, मग एक उचलून मुठीत धरली. हे पाटावर खाली बघत बसून राहिले.

यंदा घरात एक माणूस नवीनही होतं. मुलाचं लग्न होऊन सून आली. इथलीच, इंजिनियर झालेली, बोलकी. मी मनाशी ठरवलं होतं, की हिला कामाला जुंपायचं नाही. जेवणं झाल्यावर ती ताटं उचलायला आली तर मीच म्हटलं, "तू बस बाहेर. विड्यांचं मी बघते." आता बाहेर तरी काय म्हणायचं? जुनं घर पाडून फ्लॅट झाले तेव्हा मुलाच्या हौसेखातर स्वयंपाकघराची भिंतही गेली. ओटा आणि सोफा यांच्यामधे काही उरलेलं नाही. तरी मी आत होते आणि ते बाहेर होते.

गाण्याचं कुणी काढेना. शेवटी नणंदच म्हणाली, "लाव रे दादा, वहिनीचा बँडवाला. नाही लावला तर भाऊ वरून शिव्या घालेल."

यांनी आधी चष्मा शोधला, मग फोन शोधला, आणि लावलं. तो माणूस आपल्या साध्या आवाजात गायला लागला. मी पान हातात घेतलं. आता ट्रम्पेट येईल आणि ती जागा रिकामी जाईल, या विचारानं मला गलबलून आलं. आणि त्याच विचाराच्या पाठीला लागून दुसरा आला, की जागा रिकामी आहे. यांना ते ट्रम्पेट जमत नव्हतं, नणंदेला नव्हतं. मला त्यातला सूर न सूर पाठ होता. बोटाला चुना तसाच ठेवून मी ओट्यापासून जरा पुढंही सरकले.

ट्रम्पेट आलं, आणि सुनेनं मूठ ओठांना लावली.

तिला कुणी सांगितलं नव्हतं, तिनं कुणाला विचारलं नव्हतं. सोफ्यावर मांडी घालून बसल्या जागी पोरीनं गाल फुगवले आणि सुरू झाली. अगदी सुरात. "अरे, तुला येतं हे?" यांनी विचारलं. "लग्न ठरल्यापासून हेच ऐकवतोय हा," असं तिनं मुलाकडं बोट दाखवून मधल्या श्वासात सांगितलं आणि पुढं वाजवायला लागली. मुलगा टाळ्या वाजवत होता. नणंदेनं तिच्या पाठीवर हात ठेवला. आणि यांनी डोळे बारीक केले. तो हाफ पँटमधला मुलगा आला आणि माझ्या सुनेशेजारी जाऊन बसला.

जी वस्तू मी इतकी वर्षं भीत भीत दुरून पाहिली, ती हिनं सोफ्यावरची उशी उचलावी तशी उचलली होती. घरात येऊन हिला अजून पहिली दिवाळी पुरी झालेली नव्हती. हातातलं पान शिरेपाशी फाटलं.

गाणं चऱ्याच्या जागेवर आलं. फोनमधलं ट्रम्पेट सरळ पुढं गेलं आणि सून त्याच्याबरोबर सरळ पुढं गेली. तिचं काय चुकलं? फोनवर चरा नाहीच.

पण नणंदेनं श्वास भरून घेतला होता. मान वर केली होती, तोंड उघडलं होतं. यांचा हात टेबलाच्या वर हवेत थांबला होता. अडकलंच नाही तर ओरडायचं कशाला आणि थाप तरी कशाला मारायची? नणंदेनं तोंड मिटलं. यांचा हात हळूच मांडीवर आला.

"पँ-पँपँ," मी म्हटलं.

मूठबीठ काही नाही. एका हातात फाटलेलं पान, एका बोटाला चुना. आवाज मात्र मोठा निघाला, वर्गात निघायचा तसा. "पँ-पँपँ. पँ-पँपँ."

सून थांबली. सगळे ओट्याकडं वळले. मला थांबता येईना, कारण आपणहून थांबणं हे त्या जागेवरच्या माणसाचं कामच नाही. मी नणंदेकडं बघत तोच तुकडा घोळवत राहिले.

"काहून अडकून राहिलं रे ते?" नणंद ओरडली. आवाज मधेच फाटला, तरी तिनं पुरं केलं. "हलवा त्याले!"

यांनी थाप मारली. पाण्याचा पेला आडवा झाला.

फोनमधला माणूस तोवर संपवून मोकळा झाला होता. त्याला गाठायला कुणी धावलं नाही. पाणी टेबलावरून खाली ठिबकत होतं आणि ते कुणी पुसतही नव्हतं.

"वहिनी," नणंद डोळ्यांना पदर लावत म्हणाली, "तुले हे कधीपासून येते?"

"आत ऐकू यायचं की."

"मग इतकी वर्षं काहून नाही आली बाहेर?"

"विडे कुणी लावले असते?"

"एक दिवस नसते खाल्ले." ती माझ्याकडं बघत राहिली. "आम्हाले वाटे तुले आवडतच नाही. भाऊ दर खेपेला म्हणे, बँडवाला तिचा, अन् तीच आत जाऊन बसते."

भासऱ्यांनी हे मला कधी म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तरी मी चुना कमी-जास्त झाला का, एवढंच विचारलं असतं. मी बोटावरचा चुना फडक्याला पुसत बसले.

तेवढ्यात सून उठून ओट्यापाशी आली. "आई, ते मधलं काय होतं? मी ऐकलेल्यात नाहीच ते." तिचे डोळे चमकत होते. "मला शिकवा ना. पुढच्या वेळी मी करते."

"शिकव गं तिला," हे सोफ्यावरून म्हणाले.

ती माझ्यापेक्षा चांगलं करेल, हे मला कळत होतं. सुरात करेल, मूठ धरून करेल. मी पानांचा गठ्ठा तिच्यापुढं सरकवला.

"आधी विडा लावायला शिक," मी म्हटलं. "देठ खुडायचा. मग शीर काढायची, पान न फाडता."

तिनं पहिलं पान उचललं. ते फाटलं. मी तिला दुसरं दिलं, हात धुतले, आणि बाहेर जाऊन यांच्या शेजारी बसले.

"पुन्हा लावा," मी यांना म्हटलं. "तिला तिथून ऐकू येतं."